डबा हुडकताना

२०२३ च्या जूनमध्ये माझा भाचा महिनाभराच्या रजेवर अमेरिकेहून बेळगावला आला. त्याच्या सॅकमधून चॉकलेटांच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाचे सहा हिरवे प्लास्टिकचे डबे निघाले. माझ्या आईला वाटलं, लोणच्यासाठी आणलेत. तिनं त्यातला एक पुसून लगेच फडताळात ठेवलाही. ‘आजी, तो भरायचा नाही, लपवायचा डबा आहे,’ असं तो म्हणाला, तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की पोराला तिकडची हवा काही मानवलेली दिसत नाही.

त्या डब्यांपायी पुढचा महिनाभर आम्ही बेळगाव, चंदगड, निपाणी, गोकाक असा सगळा मुलूख पालथा घातला. मी कॉलेजात भूगोल शिकवते. फळ्यावर अक्षांश-रेखांशांचं जाळं काढून काढून उजवा खांदा धरलाय. पण त्या जाळ्यातली एखादी गाठ प्रत्यक्षात कुठल्या मातीवर, कुठल्या झाडाखाली पडते, हे पायी जाऊन बघायचं कधी सुचलं नव्हतं. ते या पोरानं सुचवलं.

त्या खेळाचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एखाद्या जागी डबा लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी ते आकडे फोनमध्ये घालून डबा शोधायचा. आत एक वही असते, तिच्यात आपलं नाव आणि तारीख लिहायची. एखादी किल्लीची साखळी, शिंपला, खेळण्यातली गाडी असं काहीबाही असतं. त्यातलं काही घेतलं तर तेवढ्याच मोलाचं दुसरं काही ठेवायचं. आणि डबा होता तसा, होता तिथं परत. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. ‘मग मिळतं काय?’ हा माझा पहिला प्रश्न होता. मास्तरकीची सवय, दुसरं काय!

हा खेळ जन्मला त्याची तारीखसुद्धा सांगता येते. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत सामान्य माणसाला मिळत, पण लष्करी कारणासाठी ते मुद्दाम बिघडवलेले असत. त्यामुळं जागा सांगताना शंभरेक मीटरची चूक व्हायची. २ मे २००० रोजी हे बिघडवणं बंद झालं आणि चूक वीसेक मीटरच्या आत आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या जंगलात एक काळी बादली लपवली. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक सीलबंद डबा. तिचे आकडे त्यानं जाहीर केले आणि तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधून काढली. आज जगभर अशा तीस लाखांवर जागा आहेत.

कल्पना मात्र जुनी. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचं उजाड, दलदलीचं पठार आहे. तिथल्या जेम्स पेरट या वाटाड्यानं १८५४ मध्ये क्रॅनमीअर पूल या अवघड जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचलेल्यांनी आपलं कार्ड त्या बाटलीत टाकायचं. ना उपग्रह, ना फोन. आपल्याकडे घाटाच्या माथ्यावर येणारा-जाणारा एकेक दगड रचत जातो, त्यातही थोडं हेच असावं. मी इथवर आलो होतो, एवढंच सांगायचं असतं.

भाचा सिएटलच्या बाजूला नोकरी करतो. तिथून जवळच कॅस्केड डोंगररांगेत रेल्वेचा एक बंद पडलेला बोगदा आहे, स्नोक्वाल्मीचा, साडेतीन किलोमीटरहून लांब. रूळ काढून तिथं आता चालायची वाट केली आहे. आत मिट्ट काळोख. भर उन्हाळ्यातही थंडी वाजते आणि छतातून पाणी गळतं. हातात बॅटरी घेऊन पाऊण तास चालायचं. समोरचा उजेड आधी टाचणीच्या डोक्याएवढा, मग रुपयाएवढा, आणि बाहेर पडलं की एकदम सूचिपर्णी झाडांनी भरलेली दरी. त्याच परिसरात २००१ पासूनची एक प्रसिद्ध जागा आहे. मधल्या काळात तो डबा हरवला होता, पुढं पुन्हा ठेवला गेला. तो म्हणाला, ‘मावशी, डबा दोन मिनिटांत सापडला. दरी बघत तासभर बसलो.’ माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं थोडंफार मिळालं.

याच्या उलट कॅन्सस राज्यातलं मिंगो. मे २००० मध्ये लपवलेला आणि आजतागायत चालू असलेला हा सगळ्यांत जुना डबा. जागा म्हणाल तर हमरस्त्याच्या कडेचा सपाट माळ. बघण्यासारखं काही नाही. तरी लोक शेकडो मैल गाडी हाकत जातात, कारण ती जागा जुनी आहे. रिचर्ड गॅरियट या हौशी माणसानं तर एक डबा अटलांटिक महासागराच्या तळाशी, दोन हजार मीटरहून खोल ठेवला आणि २००८ मध्ये अंतराळ स्थानकात पाहुणा म्हणून गेला तेव्हा दुसरा तिथं. एवढा खर्च करून वहीत सही करायला जाणार कोण, हे त्यालाच माहीत!

भाच्याच्या फोनवर तिकडचा नकाशा उघडला, तर डब्यांच्या हिरव्या खुणा पेरल्यासारख्या दाट. बोटानं नकाशा सरकवत तो आपल्या भागावर आणला आणि सगळं कोरं. मला ते लागलं. इतके डोंगर, इतकी पाणी पडायची ठिकाणं, आणि नकाशा कोरा! म्हणून डबे सॅकमध्ये घातले आणि निघालो.

सुरुवात येळ्ळूरच्या राजहंसगडापासून केली. बेळगावकरांना हा गड नव्यानं सांगायला नको. वरचं सिद्धेश्वराचं देऊळ, २०२३ च्या मार्चमध्ये उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा, रविवारची गर्दी. पण सकाळी सहाला गेलात तर तटावर तुम्ही आणि वारा. उत्तरेला बेळगाव शहर, खाली भाताची खाचरं, पश्चिमेला सह्याद्रीची निळी रांग. तिथल्या तांबड्या दगडाला हात लावून मी भाच्याला जांभ्याचा धडा दिला. ओला असताना हा दगड हत्यारानं विटेसारखा कापता येतो आणि वारा लागला की टणक होतो. १८०७ मध्ये केरळात बुकॅनन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याला विटेच्याच लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ नाव दिलं. आपल्या लोकांनी जांभळट रंग बघून जांभा म्हटलं. मला आपलं नाव जास्त पटतं.

पुढचा मुक्काम महिपाळगडाकडे. पायथ्याजवळ देवरवाडीचं वैजनाथाचं देऊळ, वर गडावर नांदतं गाव. तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. बाजार मात्र बेळगावचा. त्या रस्त्यानं जाताना भाच्याचा फोन एकदा महाराष्ट्रात स्वागत करत होता, एकदा कर्नाटकात. मधे एकदा दोन्हीकडून आलं. तो हसत होता, पण आपण काय हसणार! इथं गावाच्या नावापासून पाटीवरच्या अक्षरापर्यंत सगळ्याला दोन बाजू असतात. आमच्या शहराचं नावही २०१४ मध्ये सरकारी कागदावर बदललं. भाच्याच्या त्या आकड्यांना मात्र मराठीही येत नाही आणि कन्नडही.

या फिरतीत एका गडावर आम्ही पडक्या बुरुजाशी वाकून बघत होतो. शेळ्या राखणारे एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ लांबून बघत होते. शेवटी जवळ आले.

‘काय हुडकायलाय वो बाई? सोनं हाय काय?’

‘सोनं नाही मामा, डबा ठेवायला जागा बघतोय.’

‘डब्यात काय?’

‘वही आणि पेन्सिल.’

त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, ‘मग ते घरात ठेवायचं की.’

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. त्यांनी आम्हाला देवळामागं नेऊन एक खड्डा दाखवला. पुरुषभर खोल, बाजूला फुटलेल्या चिऱ्यांचा ढीग, कुजलेलं लिंबू. अमावास्येला कुणीतरी येऊन गुप्तधनासाठी खणून गेलं होतं. सापडलं काहीच नाही, तटाचा कोपरा तेवढा ढासळला. आपल्या भागातल्या किती गडांवर, किती ओसाड देवळांत हे चालतं! पहार घेऊन येणारा माणूस काहीतरी न्यायला आलेला असतो. आम्ही ठेवायला आलो होतो, पण त्या म्हाताऱ्यांना लांबून फरक कसा कळावा? जिओकॅशिंगचा नियमच आहे की जमीन खणायची नाही आणि जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय डबा ठेवायचा नाही. नियम कागदावर चांगलेच असतात. इंग्लंडमधल्या वेदरबी गावी २०११ मध्ये एका हॉटेलाबाहेर लपवलेल्या अशाच डब्यावरून बॉम्बची आवई उठली, रस्ता रिकामा केला गेला आणि लष्कराच्या माणसांनी येऊन तो डबा उडवला. सीमेवरच्या गावात बेवारस डबा सापडला तर काय होईल, हे मी भाच्याला सविस्तर सांगितलं. गडांवर डबा ठेवायचा बेत तिथंच रद्द झाला. जुन्या दगडाच्या फटीत आपलं प्लास्टिक कोंबायचं, हे मला पहिल्यापासून रुचलं नव्हतंच.

पण याला खेळातच एक उत्तर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत असे डबे सहसा ठेवू देत नाहीत, म्हणून ग्रँड कॅनियनसारख्या ठिकाणी बिनडब्याची जागा असते. तिला अर्थकॅश म्हणतात. पहिली अर्थकॅश २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात झाली. तिथं जायचं आणि ती जमीन, तो खडक बघून दोन-तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. थर किती? रंग कुठं बदलतो? पाणी कुठून कापत आलंय? जागेवर गेल्याशिवाय उत्तर येऊच नये, असा प्रश्न असायला हवा. हे ऐकल्यावर मी एकदम खुशीत आले. म्हणजे परीक्षाच की!

अशा परीक्षेसाठी गोकाकच्या धबधब्यासारखी जागा मला दुसरी माहीत नाही. तिथं लोक जुलै ते सप्टेंबरात जातात. घटप्रभा तांबडी होऊन जवळजवळ १७० फुटांवरून खाली कोसळते, तुषार उडतात, कणसं खायची, फोटो काढायचे. आम्ही गेलो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. त्या वर्षी पाऊस लांबला होता. धबधब्याच्या जागी घोड्याच्या नालाच्या आकाराचा उघडा कडा आणि त्यावरून कुठंतरी एखादी ओली रेघ. भाच्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, थांब, आता खरा धबधबा दिसतोय.

त्या कड्यावर वाळूच्या खडकाचे थर वह्यांची चळत रचावी तसे आडवे दिसतात. बेळगावच्या पश्चिमेला, सह्याद्रीत, सगळा काळा बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. गोकाकचा हा खडक त्याहून कितीतरी म्हातारा, शंभर कोटी वर्षांच्याही पलीकडचा, कुठल्याशा उथळ समुद्राच्या वाळूचा. त्याच्या मधल्या कठीण थरांनी नदीला अडवून धरलं, म्हणून हा कडा उभा आहे. आपण एसटीनं बेळगावहून गोकाकला दीड-दोन तासांत जातो, त्यात इतका काळ मागं जातो. वाटेत कुणी सांगत नाही, एवढंच.

धबधब्याच्या काठावर चालुक्यांच्या काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ आहे. पलीकडे कापडगिरणी, १८८५ च्या सुमाराला सुरू झालेली. पाण्याच्या जोरावर चालवायची म्हणूनच ती इथं आणली आणि १८८७ मध्ये याच पाण्यावर वीजही केली. वर तो झुलता पूल, दोनशे मीटर लांबीचा. त्यावर पाय ठेवला की पोटात गोळा येतो. पुलावर सोडतात की नाही, ते त्या दिवशी तिथंच विचारावं आणि नाही म्हटलं तर वाद घालू नये. मी माझ्या वर्गासाठी तिथं तीन प्रश्न तयार केले: एक थरांचा, एक कड्याच्या आकाराचा आणि एक पाण्यानं खडकात केलेल्या गोल रांजणखळग्यांचा. पुढच्या सहलीत पोरांनी उत्तरं लिहून आणली. एकानं तिसऱ्या प्रश्नाला लिहिलं, ‘भीमानं जेवण केलं तिथं पातेली ठेवली होती, असं तिथले काका म्हणाले.’ मी त्याला अर्धा मार्क दिला. जागेवर गेल्याचा पुरावा होता तो.

पारगड, सामानगड यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथं फक्त नावं घेते. पारगड चंदगड तालुक्याच्या अगदी टोकाला, खाली तिलारीचं रान आणि पलीकडे गोवा. तानाजी मालुसऱ्यांचे वंशज अजून गडावर राहतात. संध्याकाळी भवानीच्या देवळाजवळून पश्चिमेकडे बघायचं आणि बोलायचं नाही. सामानगडावर खडकात खोदलेल्या विहिरी आहेत, पायऱ्यांनी आत उतरता येतं. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावात हा गड पुढं होता.

निपाणीला मिंगोची आठवण झाली. पुण्याहून बंगळूरला जाणारा महामार्ग निपाणीशेजारून जातो, पुढं तवंदीचा घाट लागतो, स्तवनिधीचं जैन क्षेत्र लागतं. घाटातून मागं वळून बघितलं तर तंबाखूचा सगळा काळा मुलूख खाली पसरलेला असतो. गाड्या तिथून शंभराच्या वेगानं जातात. याच महामार्गावर १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू पिकवणारे शेतकरी बायकापोरांसह, बैलगाड्यांसह तीन आठवड्यांवर बसून होते. शरद जोशी त्यांचे पुढारी. मागणी तंबाखूच्या भावाची. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. भाच्यानं यातलं काही ऐकलेलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या निपाणीच्या मुलांनाही विचारलं, तर चौघांतल्या एकाला माहीत होतं, तेही आजोबांमुळे. बघायला तिथं काय आहे? डांबर आणि गाड्या. पण कॅन्ससच्या माळावर डब्यासाठी लोक थांबतात, तर इथंही पाच मिनिटं थांबावं असं मला वाटलं. सहा डब्यांपैकी एक आम्ही महामार्गापासून आत, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, त्यांना विचारून, आंब्याच्या मुळाशी ठेवला. वहीच्या पहिल्या पानावर १९८१ ची ती हकिकत मी मराठीत लिहिली. भाच्यानं खाली इंग्रजीत. डब्याची देखभाल माझ्याकडे आहे. उंदरांनी एकदा झाकण कुरतडलं, ते बदललं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस आला आणि आम्ही आंबोलीला गेलो. तिथं मला माझी गाठ बघायची होती, जाळ्यातली. ७४ अंश पूर्व रेखांश जवळजवळ आंबोली गावातूनच जातो आणि १६ अंश उत्तर अक्षांश तिथून चारेक किलोमीटर उत्तरेला त्याला छेदतो. जगातल्या अशा पूर्ण अंशांच्या छेदबिंदूंवर जाऊन फोटो काढण्याचा उद्योग अॅलेक्स जॅरेट या अमेरिकन माणसानं १९९६ मध्ये सुरू केला. आपल्या अक्षांशावर असा एक बिंदू सापडला की पूर्वेला वा पश्चिमेला पुढचा १०७ किलोमीटरवर आणि उत्तर-दक्षिणेला १११ किलोमीटरवर. म्हणजे बेळगाव परिसराच्या वाट्याला असे किती येणार? त्यातला एक आंबोलीच्या रानात पडावा, हे आपलं भाग्यच.

फोन हातात धरून रस्त्यानं चालत होतो. ७३.९९८... ७३.९९९... आणि आकडा ७४ वर आला तेव्हा मी एका भज्यांच्या गाडीसमोर उभी होते. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली ती रेघ कांदाभजीच्या कढईखालून जात होती. आम्ही दोन प्लेट घेतल्या. मग उत्तरेची वाट धरली. बिंदू दीड किलोमीटरवर राहिला असेल, तेव्हा धुकं उतरलं. दहा हातांवरचं झाड दिसेना. पायाला जळवा लागल्या. फोन म्हणत होता, सरळ जा. समोर उतार होता की कडा, ते दिसत नव्हतं. परत फिरलो. भाचा हळहळला. मला वाईट वाटलं नाही. पोराच्या आईला काय उत्तर दिलं असतं?

उतरताना हिरण्यकेशीच्या गुहेशी थांबलो. इथून निघालेलं पाणी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत पुढं घटप्रभेला मिळतं आणि गोकाकच्या त्या कोरड्या कड्यावरून पडतं. दोन आठवड्यांपूर्वी ज्याची वाट बघत होतो, ते पाणी आता निघालं होतं.

घटप्रभेचं नाव आमच्या घरात जरा जपूनच घेतलं जातं. आईचं माहेर तिच्यात गेलं.

हुक्केरी तालुक्यात हिडकलचं धरण आहे, त्याला आता राजा लखमगौडा धरण म्हणतात. त्यात जी गावं बुडाली, त्यांतलं एक आईचं. मी जन्मायच्या आधीच ते पाण्याखाली गेलं. माझं आजोळ म्हणजे नव्या वसाहतीतलं पत्र्याचं घर. लहानपणी विचारायचे, ‘तुझं खरं गाव कुठाय गं?’ ती म्हणायची, ‘पाण्यात,’ आणि कामाला लागायची. त्या भागात हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ आहे. वर्षातले बरेच महिने ते पाण्यात असतं आणि उन्हाळ्यात धरण आटलं की बाहेर येतं. त्या जूनमध्ये, पाऊस लांबल्यामुळं, ते उघडं पडल्याच्या बातम्या आल्या. भाचा म्हणाला, ‘आजी, चल. तुझ्या घराचे आकडे काढू.’

आंबोलीच्या पंधरा दिवस आधीची ही गोष्ट, सांगायला मुद्दाम मागं ठेवली. आई ७३ वर्षांची, गुडघे धरलेले. आधी नाहीच म्हणाली. मग सकाळी उठून बघतो तर नऊवारी नेसून तयार.

धरणाच्या पोटात उतरलो. भेगाळलेला गाळ, पांढरे शिंपले, कुठं पाणी हटलेल्या जागेत पेरलेली काकडी, चरणाऱ्या शेळ्या. सगळं सपाट आणि एकाच रंगाचं. मला वाटलं, हिला इथं काय कळणार? ती थोडा वेळ देवळाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘शिखर त्या डोंगराच्या खांद्याला टेकलं पाहिजे,’ आणि डावीकडे चालायला लागली. पन्नासेक पावलं गेल्यावर शिखर खरंच मागच्या डोंगराच्या खांद्याला टेकलं. मग ती त्याच रेषेत सरळ पुढं निघाली. ‘आता पाटलाच्या विहिरीचा काठ उजव्या हाताला, सूर्य उगवतो तिकडं.’ विहिरीचं गोल बांधकाम दिसलं. ती थांबली.

दोन रेषा जिथं छेदतात तिथं जागा. १८०२ मध्ये लॅम्बटननं मद्रासजवळ एक रेषा मोजून, एका टेकडीवरून दुसरी टेकडी बघत, सगळ्या हिंदुस्थानावर त्रिकोण बसवायला सुरुवात केली. ते मी दरवर्षी दोन तासिकांत शिकवते. माझी आई चौथी शिकलेली.

तिथं दगडी जोत्याची एक ओळ होती, अर्धी गाळात. आईनं पायानं इकडंतिकडं चाचपलं आणि खाली बसली. हातानं गाळ उकरायला लागली. भाचा मदतीला वाकला, तर त्याला म्हणाली, ‘थांब, मला ठावं हाय कुठं ते.’ वितभर खाली दगडाची गोल कड लागली. जमिनीत बसवलेलं उखळ होतं ते. तिनं आतला गाळ पार तळापर्यंत काढला आणि आतून हात फिरवला. गुळगुळीत होतं.

भाच्यानं फोन उखळावर धरून आकडे घेतले. ते मी इथं देत नाही. मग त्यानं सॅकमधून डबा काढला. आई म्हणाली, ‘अरे, पाणी आलं की वाहून जाईल तो. उगा कशाला?’ तेही खरंच. पण वहीत नाव लिहायचा नियम आहे, म्हणून त्यानं वही आणि पेन्सिल तिच्यासमोर धरली. तिनं चष्मा लावला, तारीख लिहिली आणि थांबली. मग नाव लिहिलं. माहेरचं, वडिलांच्या नावासकट. पन्नासावर वर्षांनी ते नाव तिच्या हातानं कागदावर उतरलं असेल. मी तर ते लिहिलेलं प्रथमच पाहत होते. निघताना तिनं कनवटीची सुपारी उखळात ठेवली आणि कौलाचा एक तुकडा पदरात बांधून घेतला. काही घेतलं तर काही ठेवायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सहा डब्यांतला एक निपाणीच्या बांधावर आहे. एकात ती वही आणि कौलाचा तुकडा आहे. तो फडताळात, तिनं पहिल्या दिवशी ठेवला होता त्याच जागी आहे. उरलेल्या चारांत आई लोणचं भरते.

जुलैच्या अखेरीला पाऊस चांगला झाला. भाच्याचा तिकडून रात्री फोन आला. इकडची चौकशी झाल्यावर त्यानं विचारलं, ‘आजी, आपल्या उखळावर आता किती पाणी असेल गं?’

आईनं खिडकीतून बाहेर बघितलं. झड लागली होती.

‘दोन पुरुष तरी असंल,’ ती म्हणाली. ‘आणि चढायलंय अजून.’